विमानाच्या नाकावरचा अंगठा

चि. धाकट्यास,

थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? मागच्या कार्डात तू 'ठीक' एवढाच शब्द लिहिला होतास. तो गुडघ्याबद्दल होता, संसाराबद्दल होता, की पत्र संपवायची घाई होती म्हणून होता, हे मला अजून कळलेलं नाही. (वर्षाला दोन कार्डं आणि दोन्हींत मिळून अकरा शब्द. मी मोजले आहेत.) माझ्या भावजयीची पाठ आता सरळ होते का? तिला सांग, गरम पाण्याची पिशवी पाठीला लावायची असते, मांडीवर घेऊन गप्पा मारत बसायचं नसतं. मुलं आपापल्या ठिकाणी सुखात असतील. तुझ्या कवळ्या कशा चालल्या आहेत? म्हातारी माणसं संपत नाहीत तोवर तुला चिंता नाही. माझी तब्येत उत्तम आहे. दात सगळे माझेच आहेत, तेव्हा या पत्रामागे धंद्याचं काही काम असेल असा संशय घेऊ नकोस. काम आहे, पण ते दातांचं नाही, नाकाचं आहे.

गेल्या मंगळवारी सकाळी बाबांच्या रंगाच्या शेडचं दार उघडलं तर बाहेर कॅप्टन उभे. तुला ते आठवतात, विसरलो म्हणू नकोस. पिवळ्या दोन आसनी विमानाचे कॅप्टन, ज्यांचं विमान धावपट्टीवरून उठलं की आई दोरीवरचे कपडे हाताने धरून ठेवायची. आता ते ऐंशीला टेकलेत. मिशा पांढऱ्या होऊन जरा खाली उतरल्यात, पण पाठ अजून ताठ आहे. काखेत उशीचा अभ्रा आणि त्यात काहीतरी गोल. मला वाटलं भोपळा. (या वयात माणसं भेट म्हणून भाजी आणायला लागतात.) त्यांनी अभ्रा बाबांच्या टेबलावर ठेवला, आतली वस्तू बाहेर काढली, आणि धाकट्या, ते नाक होतं. तेच.

हे पत्र भावजय तुला वाचून दाखवत असणार, कारण तुझा चष्मा कायम दुसऱ्या खोलीत असतो. तू तिला यातलं काही सांगितलं नसशील, कारण सांगायला अकरापेक्षा जास्त शब्द लागतात. म्हणून तिच्यासाठी लिहिते. लहान विमानाच्या पुढच्या पंख्याच्या मधोमध एक निमुळती टोपी असते. तिला स्पिनर म्हणतात. आमच्या घरात तिला नाक म्हणत. हौशी मालकांना हे नाक आरशासारखं हवं असतं. त्यावर खरा क्रोमचा मुलामा दिला तर वजन वाढतं, आणि नाक तर पंख्याबरोबर गरगर फिरणार. एका बाजूला गुंजभर जास्त झालं तरी सबंध विमान थरथरतं. बाबा म्हणायचे, नाकापेक्षा मोती जड. म्हणून मुलामा नाही, तर क्रोमसारखा दिसणारा रंग. खाली काचेसारखा गुळगुळीत काळा, त्यावर धुक्याइतका पातळ रुपेरी, आणि सगळ्यांत वर पारदर्शक. चकाकी रुपेरी रंगाची नसते, खालच्या काळ्याची असते, हे बाबांचं वाक्य मी कॉलेजात प्रयोगाच्या वहीत लिहिलं होतं आणि प्राध्यापकांनी त्याखाली खूण करून 'कोणत्या पुस्तकातून?' असं विचारलं होतं. (मी 'घरून' असं लिहून वही परत दिली.)

रंगाच्या दिवशी आपलं घर म्हणजे इस्पितळ असायचं. आदल्या दिवसापासून तळण बंद, कारण तेलाची वाफ शेडपर्यंत गेली की रंगाला खड्डे पडायचे. लोकर अंगावर घालायची नाही, मग थंडी कितीही असो. आई फरशीवर पाणी शिंपडायची, बाबा तिचाच जुना सुती रुमाल डोक्याला बांधायचे, आणि हातात फवारा घेतला की श्वास रोखायचे. आपणही दाराच्या काचेपलीकडे उभे राहून श्वास रोखायचो. आपल्याला श्वास रोखायचं काहीही कारण नव्हतं, आपण दाराबाहेर होतो. तरी रोखायचो. तू सगळ्यांत जास्त वेळ रोखायचास आणि नंतर वांग्यासारखा जांभळा होऊन मलाच म्हणायचास, 'ताई, तू मध्येच घेतलास, मी बघितलं.' बाबा तुला म्हणत नसत, पण मला म्हणाले होते, की मनगट याचं आहे, डोकं तुझं आहे, दोघांचा मिळून एक चांगला रंगारी होईल.

आणि चमचे! भावजयीला चमच्यांचं सांगायलाच हवं. बाबांचा नियम असा होता की रंगवलेल्या भागाला वाळेपर्यंत बोट लावायचं नाही. प्रत्येक भागाबरोबर एक चमचा टांगायचा, त्यालाही तोच काळा, तोच रुपेरी, तेवढाच वेळ. वाळला का हे बघायचं तर चमच्याला अंगठा लावायचा. त्या चमच्याला साक्षीदार म्हणत. काम झालं की चमच्याच्या मागे तारीख कोरून तो भिंतीवर टांगायचा. अशी अर्धी भिंत आपली चमच्यांची. पाहुण्यांना वाटायचं, चांदीचे आहेत. (एका मावशींनी आपण होऊन एक काढला आणि चहात ढवळला. चकाकी चहात गेली आणि मावशी आठ दिवस धास्तावून होत्या.) तुझ्या उजव्या अंगठ्यावर पत्रा कापताना झालेला आडवा व्रण आहे, त्यामुळे चमच्यावर तुझा ठसा पडला की बाबा म्हणायचे, ही बघा, सही झाली.

आता त्या दिवसाचं. एक्केचाळीस वर्षं आपण हा विषय काढलेला नाही. मला विषय अर्धवट ठेवायला आवडत नाही. कॅप्टनांचं हेच नाक बाबांनी रंगवलं होतं. इतकं सुंदर काम त्यांच्या हातून पूर्वी झालं नव्हतं, असं आई म्हणाली होती. आई कौतुक सहजी करणारी नव्हती. रात्री दिव्याच्या उजेडात बाबांनी पारदर्शक थर दिला. सकाळी उन्हात बघतात तर थराच्या खाली, खिळ्यांच्या रांगेशेजारी, एक अख्खा अंगठा. पुसता येईना, खरवडता येईना. कॅप्टन दहा वाजता येणार. बाबांनी विचारलं, कुणी? मी सांगितलं, काल दुपारी धाकटा नाकापाशी उभा होता. (हे खरं होतं. तू उभा होतास.) तू एकदाच म्हणालास, मी नाही. बाबा म्हणाले, ज्याला चमचा आणि भाग यांतला फरक कळत नाही त्याने या शेडमध्ये पाऊल टाकू नये. तू सतरा वर्षांचा, नाकावर राग. पुन्हा पाऊल टाकलं नाहीस. महिन्याभरात त्या दंतवैद्याकडे जाऊन कवळ्या घासायला लागलास, आणि मग या गावाहून त्या गावाला, असा दूर दूर गेलास. बाबा गेले तेव्हा दोन दिवस आलास. दोन्ही दिवस अंगणात बसलास. शेड तिथून वीस पावलांवर होती.

तर कॅप्टन. त्यांना डॉक्टरांनी उडायचा दाखला दिला आहे तो या महिनाअखेरपर्यंतचाच. शेवटच्या रविवारी ते एकदा उडणार आणि मग ते विमान एका शिकवणीच्या वर्गात उभं राहणार, मुलांना बोट दाखवून शिकवायला. त्या एका फेरीसाठी त्यांना नाक पहिल्यासारखं हवं आहे. रंग आता जागोजाग तडकला आहे, चकाकी जुन्या पातेल्यासारखी झाली आहे. हँगरमधल्या मुख्य मिस्त्रीने त्यांना सांगितलं, चकचकीत कागद चिकटवून देतो, अर्ध्या तासाचं काम. कॅप्टन म्हणाले, मी माझ्या नाकावर स्टिकर लावू? आणि अभ्रा घेऊन तडक माझ्याकडे आले. मी म्हटलं, होईल. शेडवर अजून बाबांचीच पाटी आहे, 'होणार नाही' म्हणायला जीभ वळली नाही. मग ते म्हणाले, फक्त एक गोष्ट. हा अंगठा जायला नको.

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. पण नाही. त्यांनी स्वतःचा अंगठा त्या ठशावर ठेवून दाखवला. एक्केचाळीस वर्षं, प्रत्येक उड्डाणाआधी, ते विमानाला फेरी मारून तपासतात आणि शेवटी त्या ठशावर अंगठा टेकवतात. म्हणाले, तुमचे वडील त्या दिवशी शरमेने माझ्याकडे बघत नव्हते, पण मला तर वाटलं की कुणीतरी जाऊ नकोस म्हणून हात लावून ठेवलाय, मग परत यायलाच हवं. आणि बघा, दर वेळी आलो. मी समजावलं, रंग काढला की ठसा जाणार, खालच्या काळ्यापर्यंत सगळं घासावं लागतं. ते म्हणाले, मग नव्या रंगावर त्याच माणसाचा अंगठा पुन्हा उमटवा. किती स्वच्छ ठसा आहे, एक रेघ तुटलेली नाही, असा माणूस तुम्हाला ठाऊक असणारच. ऐंशी वर्षांच्या माणसाशी वाद घालू नये. मी म्हटलं, माझ्या भावाचा आहे, बोलावून घेते.

म्हणजे तुझ्या निष्काळजीपणाची आज कुणाला तरी गरज पडली आहे. असा दिवस येईल असं मला वाटलं नव्हतं.

आता तयारी कशी चालली आहे ते सांगते. बाबांचा नियम, की तीन चमचे पास झाल्याशिवाय भागाला हात लावायचा नाही. नाकाचा आकार गोल, म्हणून मी चमच्यांबरोबर स्वयंपाकघरातलं मोठं स्टीलचं भांडंही घेतलं, उलटं घालून. पहिल्या दिवशी सगळं यथासांग झालं. फरशी ओली, तळण बंद (मी एकटीसाठी तळत नाहीच, पण नियम तो नियम), शेजारच्या मांजराला हाकललं. काळा असा बसला की त्यात मला छताचे खिळे मोजता आले. आणि तेवढ्यात फुंकरने फुंकर मारली. (भावजयीसाठी: फुंकर हा आमचा मदतनीस. पंचावन्न वर्षांचा आहे. समोर काहीही ठेवलं की आधी त्यावर फुंकर मारतो. चहावर, खुर्चीवर, देणगीच्या पावतीवर. म्हणून हे नाव.) काळ्यावर थुंकीचे सात थेंब. मी त्याला विचारलं, हे काय? तो म्हणाला, 'धूळ होती, बाई.' मी म्हटलं, आता नाही, आता तू आहेस. त्याला तोंडाला फडकं बांधायला लावलं. फडक्याआडूनही तो फुंकत होता, पण आता वारा त्याच्याच नाकात जायचा.

दुसऱ्या खेपेला काळा आणि रुपेरी दोन्ही उत्तम जमले. भांड्यात माझा चेहरा दिसला. (नाक वांग्याएवढं. आपण लहानपणी तासन् तास हसायचो तो हाच चेहरा. आता त्यात हसण्यासारखं कमी आणि ओळखीचं जास्त दिसतं.) मी पारदर्शक थर घाईने दिला, कारण घड्याळ फुंकरच्या मनगटावर होतं आणि ते पुढे होतं. रुपेरी पुरता वाळलेला नव्हता. डोळ्यांदेखत सगळी चकाकी राखाडी झाली, जशी आरशावर कुणी उसासा टाकावा तशी. तिसऱ्या खेपेला ओघळ आले. एक नाही, चार. फवारा एका जागी क्षणभर जास्त थांबला की ओघळ येतो, आणि तो थांबला कारण फुंकरला उचकी लागली आणि माझं लक्ष गेलं. चौथ्या खेपेलाही ओघळ. तेव्हा फुंकरला उचकी नव्हती, पण ती लागेल असं त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

माझ्याकडे आता अकरा दिवस उरलेत. एकही चमचा पास नाही. नाक अभ्र्यातच आहे, मी त्याला अजून हात लावलेला नाही. रोज सकाळी कॅप्टन फाटकापर्यंत येतात, आत येत नाहीत, टोपी उचलतात आणि परत जातात. मला हे दडपण वाटतं असं समजू नकोस. पण काल मी त्यांना बघून कपाटामागे उभी राहिले.

तेव्हा तू ये. ठसा उमटवायचा क्षण फार लहान असतो: रंग ओला नको, वाळलेला नको. चमचा तो क्षण सांगेल, आणि या घरात प्रथमच कुणीतरी नियमाने भागाला अंगठा लावेल. दोन दिवस पुरेत. तुझ्या कवळ्या दोन दिवस थांबतील. त्यांना चावायची घाई नसते. भावजयीलाही आण, मी तिला पिशवी कुठे लावायची ते दाखवते. गाडीची वेळ कळव. कार्डावर 'ठीक' लिहू नकोस, वार आणि वेळ लिही.

तुझी,
थोरली

ता.क. येताना तुझा तोंडावर बांधायचा मास्क आण. इथला एकच आहे आणि तो आता फडक्याऐवजी फुंकरला दिलाय.

ता.क. दुसरा. फुंकरबद्दल वर जे लिहिलं त्यातली पहिली खेप तेवढी खरी धर. त्याचं घड्याळ बरोबर होतं. त्याला उचकीही लागली नव्हती. गेल्या हिवाळ्यापासून माझं उजवं मनगट थरथरतं, फवारा धरला की जास्तच. ओघळ त्या थरथरीचे आहेत. डॉक्टर म्हणतात, वय. फुंकर नुसता भांडं घासून पुन्हा कोरं करून ठेवतो आणि त्यावर फुंकर मारतो. मला तुझा अंगठा नको आहे. तुझं मनगट हवं आहे.

ता.क. तिसरा. अंगठा नको, कारण अंगठा इथेच आहे. त्या दुपारी माझा निकाल लागला होता. रसायनशास्त्रात पहिली. धावत घरी आले तर आई बाजारात, बाबा धावपट्टीवर, आणि तू चमचा तपासून सामानाचे डबे परत द्यायला निघालेला. सांगायला कुणी नव्हतं. म्हणून मी शेडमध्ये गेले, पहिली आलेली मुलगी कशी दिसते ते नाकात बघायला. बरी दिसत होती. गालावर काळा डाग होता. मी तो पुसायला गेले. माझ्या गालावरचा नव्हे, धाकट्या, समोरच्या गालावरचा. अंगठा टेकला आणि तिथल्या तिथे भान आलं. एकोणीस वर्षांची, पदवीधर होऊ घातलेली, आणि प्रतिबिंबाचं तोंड पुसत होते. हे सांगायची इतकी लाज वाटली, की सकाळी बाबांनी विचारलं तेव्हा मी एक खरं वाक्य सांगितलं आणि तेवढ्यावर थांबले.

ता.क. चौथा, आणि कागद संपत आला. भिंतीवर त्या तारखेचा चमचा आहे. सगळे चमचे चकाकी बाहेर करून टांगलेत, तो एकटा पाठ बाहेर करून. मला इतकी वर्षं वाटायचं, बाबांचा राग. परवा मी तो सुलटा केला. त्यावर तुझा अंगठा आहे, आडव्या व्रणासकट. तू नियमाप्रमाणे चमच्यालाच लावला होतास. बाबांनी तो बघितल्याशिवाय उलटा केला नसणार. मला त्यांनी कधी विचारलं नाही आणि मी कधी सांगितलं नाही. बत्तीस वर्षं आम्ही एकाच टेबलाशी समोरासमोर बसून रंग ढवळला.

पत्र पुन्हा लिहायला हवं होतं, पण मनगट. तेव्हा वर जिथे जिथे तुझा अंगठा आणि तुझा निष्काळजीपणा असं लिहिलं आहे, तिथे माझा असं वाच. भावजयीला मोठ्याने वाचायला सांग.

चमचा मी सुलटाच ठेवलाय. शुक्रवारपासून घरात तळण बंद करते आहे.